भोकात ड्रिल तुटलं? आधी हातोडी खाली ठेवा

भोसरी एमआयडीसीतल्या एका जॉब शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो, आणि तिसऱ्याच महिन्यात माझ्या हातून ड्रिल तुटलं. ॲल्युमिनियमचा हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉक (आतून तेलाच्या वाटा असलेला ठोकळा) होता. चौदा भोकांपैकी तेरा झालेली, शेवटचं एम ६ टॅपसाठी (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार) ५ मिमीचं. 'टक्' एवढाच आवाज आला. सेकंड शिफ्ट संपायला वीस मिनिटं होती, सुपरवायझर चहाला गेले होते. कुणाच्या लक्षात यायच्या आत तुकडा काढू म्हणून मी सेंटर पंच आणि हातोडी उचलली. दहा मिनिटांत तुकडा आणखी खाली ठसला, भोकाच्या तोंडाला खड्डे पडले आणि पंचाचं टोक मोडून तेही आत गेलं.

सकाळी आमचे जुने फिटर मामा आले. ब्लॉक घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "ड्रिल तुटलं त्याचं काही नाही रे. त्यानंतर तू जे केलंस ना, त्यानं जॉब गेला."

जॉब म्हणजे मशीनवर लावलेली वस्तू, माझ्या बाबतीत तो ब्लॉक. तो स्क्रॅपला गेला. त्यानंतरच्या वर्षांत मी आणि माझ्या हाताखालच्या पोरांनी पुष्कळ ड्रिलं तोडली, पण जॉब फार थोडे घालवले. नव्याने शॉपवर उभं राहणाऱ्यांसाठी तो क्रम इथे लिहितोय. पद्धती सोप्यापासून अवघडाकडे लावल्या आहेत. वरची जमत नाही याची खात्री झाल्याशिवाय खालच्या पायरीवर उतरू नका.

जवळ काय हवं

- सेफ्टी गॉगल. चष्मा आहे म्हणून गॉगल नको, असं चालत नाही.
- पेन्सिल चुंबक, दाभण किंवा जाड सुई, अणकुचीदार चिमटा, बॅटरी
- लॉकिंग पक्कड, पिन पंचांचा सेट, २०० ग्रॅमची छोटी हातोडी
- जंग सोडवणारं पातळ स्प्रे ऑइल
- हँड ग्राइंडर आणि बारीक चाकं
- जे ड्रिल तुटलं त्याच मापाचं नवं ड्रिल आणि व्हर्नियर
- जॉबचं ड्रॉइंग. हे सगळ्यात आधी शोधा, कारण कुठे किती सूट आहे ते त्यातच कळतं.

१. स्पिंडल थांबवा, जॉब हलवू नका

सीएनसीवर (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर) असाल तर फीड होल्ड (पुढची चाल थांबवणारं बटण), स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) बंद आणि प्रोग्राम कोणत्या ओळीवर थांबला ते लिहून ठेवा. ड्रिल मशीनवर असाल तर स्विच बंद. क्लॅम्पला हात लावू नका. भोकाचं सेंटर आत्ता मशीनला माहीत आहे. जॉब सोडलात की ते गेलं, आणि पुढे कटरने तुकडा काढायची वेळ आली तर डायल गेज लावून पुन्हा शोधत बसावं लागतं. सोडणं भागच असेल तर आधी दोन कडांपासूनची मापं टिपून घ्या.

कधी कधी ड्रिल तुटलेलं नसतंच, फक्त जाम झालेलं असतं. तेव्हा घाबरून झेड (वर-खाली जाणारा अक्ष) वर खेचला की हमखास तुटतं. चक किंवा कोलेट (ड्रिल धरणारी पकड) सैल करा, ड्रिल जॉबमध्येच राहू द्या, स्पिंडल एकटा वर घ्या. मग शँक (ड्रिलचा वरचा दांडा) पकडून हाताने उलटं फिरवत काढा.

२. चार गोष्टी ठरवा

ड्रिल कशाचं आहे, जॉब कशाचा आहे, भोक आरपार आहे की ब्लाइंड (तळ बंद), आणि तुकडा किती आत आहे. या चार उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. नवखा माणूस नेमका इथेच घाई करतो.

एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलची कठीणता साधारण ६२ ते ६५ एचआरसी (रॉकवेल मापात) असते. म्हणजे दुसरं एचएसएस ड्रिल लावून ते ड्रिल होणार नाही. ऐकायला उघड वाटतं, पण दर बॅचमध्ये एखादा पोरगा हे करून बघतोच आणि एकाचे दोन तुकडे करून ठेवतो. वर तुटलेलं तोंड तिरकं असतं, त्यामुळे नवं ड्रिल बाजूला घसरून भोकाची भिंत खातं.

कार्बाइड त्याहूनही कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. तुटतं तेव्हा एकाऐवजी चार-पाच तुकडे होतात. ओळखायचं कसं? हातात उरलेला शँक तोलून बघा. त्याच मापाच्या एचएसएसपेक्षा कार्बाइड जवळपास दुप्पट जड लागतं. 'चुंबक चिकटला म्हणजे एचएसएस' या कसोटीवर मात्र भरवसा ठेवू नका. कार्बाइडमध्ये कोबाल्टचं बाइंडर असतं, त्यामुळे चुंबक त्यालाही हलकासा ओढतो.

तुकड्याची लांबी काढायला हातातला अर्धा भाग फेकून न देता नव्या ड्रिलशेजारी ठेवा. दोन लांब्यांमधला फरक म्हणजे आत राहिलेला तुकडा. तो आकडा कागदावर लिहून जॉबला चिकटवा. पुढे स्पार्कवाला (ठिणगीने तुकडा काढणारा, पायरी ९) पहिला प्रश्न हाच विचारतो.

३. भोक साफ करा

तुकडा बहुतेक वेळा धातूत रुतलेला नसतो. फ्लूटमध्ये (ड्रिलच्या वळणदार खाचेत) कोंबल्या गेलेल्या चिप्सनी (धातूच्या किसाने) तो पाचरीसारखा धरलेला असतो. म्हणून चिप्स काढणं हेच अर्धं काम. सुईने फ्लूटमधून एकेक चिप उकरा, स्प्रे ऑइल सोडा, चुंबक फिरवा, पुन्हा उकरा. पाच मिनिटांत काही होत नाही म्हणून सोडू नका. मी अर्धा तास सुईनेच काम केलेलं आहे आणि शेवटी तुकडा चुंबकाला आपोआप चिकटून वर आलेला आहे.

एअर गन ब्लाइंड भोकात सरळ मारू नका. आतलं सगळं उलटून तोंडावर येतं. वर कापड धरा, प्रेशर कमी ठेवा, बाजूला कुणाला उभं राहू देऊ नका.

४. टोक बाहेर असेल तर

हा नशिबाचा भाग. लॉकिंग पकडीने घट्ट धरा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. उजव्या हाताच्या ड्रिलच्या फ्लूटा उजव्या आट्यासारख्याच असतात, म्हणून उलट फिरवलं की तुकडा वर चढतो. सरळ वर ओढू नका. थोडं उलट, थोडं सुलट, पुन्हा उलट, असं हलवत या.

पक्कड घसरत असेल तर टोकाच्या दोन बाजू हँड ग्राइंडरने चपट्या करा. कानशीने होणार नाही, कानसच बोथट होईल. टोक जेमतेम २ मिमी वर असेल तर पकडीला एकच संधी मिळते. जबडे साफ आहेत का ते आधी बघा.

५. भोक आरपार असेल तर

जॉब उलटा करा. ड्रिल पलीकडे निघताना तुटलं असेल, आणि तसंच जास्त वेळा तुटतं, तर मागून टोक दिसेल. भोकापेक्षा अर्धा-एक मिमी लहान पिन पंच लावून हलक्या टिचक्या मारा. तुकडा ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने परत निघू द्या. खाली लाकडाचा ठोकळा द्या, म्हणजे मशीन केलेली बाजू खराब होत नाही.

पलीकडचं भोक उघडलेलंच नसेल, पण ड्रॉइंगमध्ये आरपार असेल, तर मागून त्याच सेंटरवर बारीक ड्रिल मारून तुकड्यापर्यंत पोचा आणि तिथून पिनने ढकला. ड्रॉइंगमध्ये ब्लाइंड असेल तर क्वालिटीवाल्यांच्या लेखी परवानगीशिवाय असं भोक पाडू नका. हायड्रॉलिक ब्लॉकमध्ये ते चुकून दुसऱ्या लाइनला जाऊन मिळालं की संपलंच.

६. आतला तुकडा सैल करा

टोक आत आहे, पण तुकडा किंचित हलतोय असं वाटलं तर मामांची युक्ती करून बघा. सायकलच्या स्पोकचे बोटाएवढे दोन तुकडे घ्यायचे. ८ ते १० मिमी ड्रिलच्या दोन फ्लूटांमध्ये ते वरून दोन-तीन मिमी तरी बसतात. फ्लूट वळणाची असल्याने त्याहून खाली जात नाहीत. दोन्ही स्पोकांवर एक आखूड नळी घालून ती जॉबच्या पृष्ठभागापर्यंत खाली सरकवायची, म्हणजे ते फाकत नाहीत. मग दोन्ही एकत्र पकडून उलट फिरवायचं. टॅपसाठी अशाच बोटांचे तयार एक्स्ट्रॅक्टर मिळतात, पण त्यांची बोटं टॅपच्या फ्लूटांसाठी असतात. तो सेट घेऊन ड्रिलमागे लागू नका.

तापवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा उपाय सगळेच सुचवतात आणि कुठे चालतो ते कुणी सांगत नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं: मीटरमागे दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन, स्टील साधारण १२. म्हणजे ५ मिमीचं भोक १०० अंशांनी तापलं तर भोक आणि ड्रिल यांच्यात जेमतेम साडेपाच मायक्रॉनचा फरक पडतो. एवढासा फरकही अडकलेल्या तुकड्याला कधी कधी पुरतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या जॉबमध्ये हॉट एअर गन उपयोगी पडते. स्टीलच्या जॉबमध्ये दोन्ही सारखेच पसरतात, तिथे तासभर तापवून हात भाजण्यापलीकडे फारसं हाती लागत नाही. तापवण्याआधी स्प्रे ऑइल पूर्ण पुसा, धूर आणि जाळ दोन्ही होतात. आणि ६०६१-टी ६ सारखं हीट ट्रीट केलेलं ॲल्युमिनियम असेल तर १२० अंशांच्या वर जाऊ नका, टेम्पर (हीट ट्रीटमेंटने आलेला कडकपणा) उतरायला लागतो.

७. नट वेल्ड करून

६ मिमी किंवा त्याहून जाड ड्रिल, तुकडा पृष्ठभागाच्या बरोबर किंवा किंचित खाली. टिग वेल्डरकडून तुकड्यावर थोडा थोडा थर चढवून घ्या, वर नट ठेवून आतून वेल्ड करा, जरा थंड होऊ द्या आणि पान्याने हलवत उलट फिरवा. ॲल्युमिनियमच्या जॉबला स्टीलचा थर चिकटत नाही, ती जमेची बाजू. स्टीलच्या जॉबमध्ये वेल्डरचा हात हलला तर तुकडा आणि जॉब कायमचे एक होतात.

एक सापळा महागात पडतो. जॉब मशीनवरच ठेवून वेल्ड करू नका. अर्थ क्लॅम्प टेबलावर लावला की करंट बेअरिंग आणि लिनिअर गाइडमधून वाट काढतो, कंट्रोलच्या कार्डांनाही धोका असतो. जॉब काढा, बेंचवर न्या, अर्थ थेट जॉबलाच लावा.

८. कार्बाइड कटरने गाभा काढणं

पहिल्या पायरीला जॉब हलवला नसेल तर त्याचं फळ इथे मिळतं. एचएसएस ड्रिलचा तुकडा सॉलिड कार्बाइड एंडमिलने (सपाट टोकाच्या कटरने) खाता येतो. कटर सेंटर कटिंग (टोकाच्या मध्यावरही कापणारा) हवा आणि भोकापेक्षा बराच लहान. ५ मिमी ड्रिलसाठी मी ३ मिमीचा कोटिंगवाला घेतो. मधला गाभा गेला की ड्रिलच्या दोन कडा उरतात, त्या आतल्या बाजूला पडतात आणि सुईने निघतात. भोकाच्या भिंतीला कटर लागतच नाही.

३ मिमी कटरला साधारण ३००० आरपीएम म्हणजे मिनिटाला जेमतेम २८ मीटर. एका वेळी ०.०५ मिमी खाली, वर उचलून हवा मारायची, पुन्हा ०.०५. कटर कोलेटमध्ये जितका आखूड धरता येईल तितका धरा. तोंड तिरकं असल्याने पहिला अर्धा मिमी सगळ्यात धोक्याचा, तो जवळजवळ श्वास रोखूनच करायचा. हाताच्या ड्रिल मशीनवर हे करू नका. त्या स्पिंडलमध्ये एवढी मजबुती नसते, कटर तुटतो आणि मग आत एचएसएसबरोबर कार्बाइडही बसतं.

आत कार्बाइड ड्रिल असेल तर ही पायरी सोडाच. भोक आरपार आणि जॉब मजबूत असेल तर कठीण पिन पंचाने हलकेच ठोकून त्याचे तुकडे करता येतात, कारण ते ठिसूळ आहे. गॉगलशिवाय नाही. आणि कार्बाइड घासत असाल तर मास्क लावा, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

९. स्पार्क मारून घेणं

वरचं काहीच जमत नसेल, तुकडा खोल असेल किंवा कार्बाइड असेल तर जॉब सरळ स्पार्क इरोजनवाल्याकडे न्या. त्यात तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड तुकड्याला न टेकता ठिणग्या पाडतो आणि धातू कणाकणाने उडवतो. कठीणतेशी त्याला देणंघेणं नसतं, वीज वाहत असली की झालं. या तंत्राची एक मुळाची गोष्ट आपल्याच कामाची आहे. १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियात लाझारेन्को दांपत्य ठिणगीने धातू कापण्यावर काम करत होतं, तेव्हाच अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर या तिघांनी हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या ॲल्युमिनियम जॉबमध्ये तुटलेली ड्रिलं आणि टॅप काढण्यासाठी ठिणगीचं यंत्र बनवलं. म्हणजे आपल्यासारखंच कुणीतरी वैतागलेलं होतं.

नेताना चार गोष्टी कागदावर द्या: ड्रिलचं माप, तुकड्याची लांबी, पृष्ठभागापासून किती खोल, आणि कडांपासून सेंटर. इलेक्ट्रोड भोकापेक्षा लहान ठेवायला सांगा. ५ मिमीसाठी साडेतीन-चार मिमी पुरे. तो भिंतीला लागला तर तिथे वितळून पुन्हा गोठलेला पातळ, कठीण थर राहतो आणि पुढे त्याच भोकात टॅप तुटतो. दर आधी विचारा आणि जॉबच्या किमतीशी ताडून बघा. दोनशे रुपयांच्या ब्रॅकेटसाठी स्पार्क मारून आणणारे मी पाहिलेत.

१०. तुरटी

दाढीनंतर लावायची, किराणा दुकानात मिळते तीच. जॉब ॲल्युमिनियम, पितळ किंवा तांब्याचा आणि आतला तुकडा एचएसएस किंवा साध्या स्टीलचा असेल तर गरम तुरटीचं पाणी लोखंड खातं आणि जॉबला जवळपास सोडून देतं. घड्याळ दुरुस्त करणारे पितळी प्लेटमध्ये तुटलेला स्टीलचा स्क्रू असाच काढतात.

काचेच्या उष्णतारोधक भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घाला. स्टीलचं किंवा लोखंडी भांडं नको, भांडंच खाल्लं जाईल. जॉबमधले डॉवेल, स्टीलचे इन्सर्ट आधी काढा. भोकाचं तोंड वर ठेवून जॉब बुडवा आणि ८०-९० अंशांवर ठेवा. तुकड्यावरून बारीक बुडबुडे यायला लागले की समजा काम सुरू आहे. दर तासा-दोन तासांनी इंजेक्शनच्या सिरिंजने भोकात ताजं पाणी मारा, काळा गाळ बाहेर काढा. एचएसएस हळू विरघळतं, एक रात्र जाईल, कधी दोन. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नको. झाल्यावर भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. जॉब थोडा निस्तेज दिसतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

स्टील, कास्ट आयर्न आणि झिंकच्या जॉबला तुरटी नाही म्हणजे नाही. कार्बाइडच्या तुकड्यावरही ती चालत नाही. तुरटीऐवजी ॲसिड वापर असा सल्ला कुणी दिला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

११. तुकडा निघाला, आता कबुली

निघालेले सगळे तुकडे कागदावर मांडून नव्या ड्रिलशी जुळवा. एखादी कड आत राहिली आणि तुम्ही टॅप घातलात तर आता टॅप काढायची वेळ येईल, आणि ते काम याहून वाईट. भोक प्लग गेजने (ठरल्या मापाच्या दांडीने) तपासा. मोठं झालं असेल तर वायर थ्रेड इन्सर्ट (आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी) बसवता येतो का ते ड्रॉइंग आणि गिऱ्हाईक ठरवतं, आपण नाही. ब्रेक, स्टिअरिंग, विमानाचा पार्ट असेल तर तुकडा काढायला हात लावण्याआधीच कळवायला हवं. गुपचूप दुरुस्त केलेला पार्ट पुढे पकडला गेला तर जॉब जाऊन ऑर्डरही जाते. मला त्या रात्री सुपरवायझर चहावरून यायची वाट बघता आली असती.

१२. नवं ड्रिल लावायच्या आधी

तुटलं का ते न बघता सायकल स्टार्ट दाबू नका, दुसरं पण तुटेल. धार गेली होती का, कोलेटमध्ये चिप अडकून ड्रिल हलत होतं का, खोल भोकाला जी ८३ ने (टप्प्याटप्प्याने ड्रिल मारायचा सीएनसी कोड) उचल-उचल दिली होती की एका दमात मारलं होतं. व्यासाच्या तीन-चार पटींपेक्षा खोल जायचं असेल तर चिप्स बाहेर यायला वाट लागतेच. स्टेनलेस ३०४ मध्ये ड्रिल एका जागी नुसतं घासू दिलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचं ड्रिल तिथेच मरतं. आरपार निघताना शेवटच्या मिमीला फीड (ड्रिल पुढे सरकायचा वेग) कमी केला होता का तेही बघा.

मग त्याच भोकात एक पितळी तार तळापर्यंत सोडा, तिच्यावर खूण करा आणि तुटण्याआधी ड्रिल जिथवर पोचलं होतं त्या खोलीशी ताडून बघा. तार कमी गेली तर आत अजून काहीतरी आहे. खोली जुळली तर फीड ओव्हरराइड दहा टक्क्यांवर ठेवा, बोट फीड होल्डवर, आणि पहिल्या दोन मिमीला कान देऊन उभे राहा.